ग्लॅडिओलसचं नवीन वाण: परागीकरणापासून नोंदणीपर्यंत

ग्लॅडिओलसच्या एका फुलातले तीन परागकोष चिमट्याने काढायला अर्धं मिनिट लागतं. दुसऱ्या दिवशी त्याच फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या दांडीच्या टोकावर, पराग टेकवायला आणखी अर्धं. संकर एवढाच. वाण मात्र त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत घडतं आणि मुख्यतः टाकून देण्यातून घडतं. शेकडो रोपं वाढवायची आणि त्यातली बहुतेक सगळी, दिसायला गोड असली तरी, काढून टाकायची, हे ज्याला जमेल त्याने या कामाला हात घालावा.

फुलदांड्यांच्या पिकांमध्ये नवख्यासाठी ग्लॅडिओलस आम्हाला सगळ्यात योग्य वाटतं. फूल मोठं, त्याचे भाग नुसत्या डोळ्यांना दिसतात, भिंग लागत नाही. एका बोंडात पन्नास ते शंभर बिया येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे पीक कंदांवर वाढतं. टोमॅटो-मिरचीसारखं पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीकरण करून गुण स्थिर करावे लागत नाहीत. एक रोप मनासारखं निघालं की त्याचे कंद म्हणजे तेच रोप, कितीही वेळा लावा.

बी लावल्यावर नेमकं काय होतं

आजची व्यापारी ग्लॅडिओलस ही आफ्रिकेतल्या अनेक रानटी जातींच्या वारंवार झालेल्या संकरातून आलेली आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या बहुतेक रानटी जातींमध्ये ३० गुणसूत्रं असतात, बागेतल्या बहुसंख्य वाणांमध्ये ६०. म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन नव्हे, चार प्रती. प्रत्येक वाण मुळातच संकरित असल्याने 'अमेरिकन ब्यूटी'चं बी पेरलं तर 'अमेरिकन ब्यूटी' उगवत नाही. शंभर बियांतून शंभर वेगळी रोपं येतात.

चार प्रतींचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. एखादा दबलेला गुण दोन प्रतींत असेल आणि झाडाचं स्वपरागीकरण केलं, तर साध्या पिकात तो चारात एका रोपात दिसला असता. इथे तो साधारण छत्तीसात एका रोपात दिसतो. म्हणून दहा वेगवेगळ्या संकरांची तीस-तीस रोपं लावण्यापेक्षा दोन विचारपूर्वक केलेल्या संकरांची दीडशे-दीडशे रोपं लावणं शहाणपणाचं. नवखे लोक नेमकं उलट करतात. जे फूल समोर दिसेल त्यावर दुसऱ्याचा पराग लावतात आणि तीन वर्षांनी हातात रंगीबेरंगी पण कुठल्याच कामाची नसलेली रोपं उरतात.

आधी उद्दिष्ट एका वाक्यात लिहा

'नवीन रंग' हे उद्दिष्ट नाही. 'डिसेंबरात फुलणारं, दांडा एक मीटरच्या वर, फिकट पिवळं, मर रोगात टिकणारं' हे उद्दिष्ट आहे. कारण निवडीच्या दिवशी वाफ्यात उभं राहिल्यावर हेच वाक्य तुम्हाला भुलण्यापासून वाचवतं.

लांबी आणि फुलांच्या संख्येला मोजमाप हवं. उत्तर अमेरिकेत रूढ झालेली आणि आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतही दिली जाणारी प्रतवारी उपयोगी पडते: १०७ सेंटिमीटरपेक्षा लांब दांडा आणि किमान १६ फुलं म्हणजे फॅन्सी, ९६ ते १०७ सेंटिमीटर आणि १५ फुलं म्हणजे स्पेशल, ८१ ते ९६ आणि १२ फुलं म्हणजे स्टँडर्ड, त्याखाली युटिलिटी, १० फुलं. तुमचं रोप पूर्ण वाढलेल्या कंदावर स्टँडर्डच्या खाली राहत असेल, तर रंग कितीही सुरेख असला तरी बाजारात त्याला जागा नाही.

आईबाप निवडणं

दोन्ही पालकांत एकच दोष असता कामा नये, हा पहिला नियम. दोघांचेही दांडे वाकत असतील तर त्यांच्या पिलावळीत सरळ दांडा शोधत बसावं लागेल. दुसरा नियम असा की किमान एक पालक आपल्या हवेत आणि मातीत वर्षानुवर्षं उभा राहिलेला असावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले गणेश', 'फुले तेजस', 'फुले नीलरेखा', 'फुले प्रेरणा' ही वाणं याच कारणासाठी पाहण्यासारखी आहेत. बाजारात रुळलेली 'व्हाइट प्रॉस्पेरिटी', 'समर सनशाइन', 'अमेरिकन ब्यूटी' ही तुलनेसाठीही हाताशी ठेवावीत.

झालेल्या कामाकडे नजर टाकली की पालकांचं मोल कळतं. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं 'नजराणा' हे 'ब्लॅक जॅक' आणि 'फ्रेंडशिप'चं अपत्य, 'सपना' हे 'ग्रीन वुडपेकर' आणि 'फ्रेंडशिप'चं. एकच चांगला पालक पुन्हा पुन्हा वापरला गेला. 'धीरज' हे वाण 'ब्यूटी स्पॉट' आणि सिटासिनस या रानटी जातीच्या एका संकरिताच्या संकरातून आलं, आणि त्याची ओळख आहे ती मर रोगाला तोंड देण्याबद्दल. 'शोभा' तर संकरातून आलेलंच नाही. 'वाइल्ड रोझ'च्या कंदांना गॅमा किरण देऊन मिळालेला तो बदल आहे.

सुवासासाठी रानटी जातींशी संकर करण्याचा मोह होतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या वाटेला जाऊ नये. गुणसूत्रांची संख्या जुळत नाही, बोंडं गळतात, आणि क्वचित रोप आलंच तर ते बहुधा वांझ निघतं.

परदेशातून कंद साध्या पाकिटात मागवू नका. वनस्पती संगरोधाच्या (क्वारंटाइनच्या) नियमांनुसार आयात परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नियम बाजूला ठेवला तरी विषाणू आणि मर रोग येतात ते याच वाटेने.

वेळापत्रक

पुणे, सातारा, नाशिक, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात संकराचा काळ म्हणजे डिसेंबर ते जानेवारी. हवा कोरडी, दुपार सौम्य, पराग चांगला मोकळा होतो. मार्चनंतरच्या उन्हात कुक्षी लवकर वाळते आणि बोंड धरत नाही. पावसाळ्यात पराग भिजून फुकट जातो. कंद लावल्यापासून वाणाप्रमाणे ६५ ते ९० दिवसांत फूल येतं, म्हणून लागवड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्यापर्यंत.

सुरुवातीला चार वाणं, प्रत्येकी वीस कंद, ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त व्यासाचे. जाड आणि उंच माथ्याचे कंद घ्यावेत. रुंद, चपटे, मधे खड्डा पडलेले कंद म्हातारे असतात. लावण्याआधी कॅप्टन या बुरशीनाशकाच्या द्रावणात (लिटरला ३ ग्रॅम) अर्धा तास बुडवून सावलीत कोरडे करा. दोन ओळींत ३० सेंटिमीटर, दोन कंदांत २०, खोली ५ ते ७ सेंटिमीटर. निचऱ्याची जमीन हवी. भारी काळ्या रानात गादीवाफ्याशिवाय लावू नये, कंद सडतात.

प्रत्येक वाण तीन हप्त्यांत, बारा-बारा दिवसांच्या अंतराने लावा. दोन पालक एकाच वेळी फुलायला हवेत आणि लवकर-उशिरा फुलणाऱ्या वाणांची गाठ घालून देण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. तरीही चुकामूक झाली तर पराग साठवता येतो. परागकोष कागदावर दिवसभर सावलीत वाळवायचे, जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरायचे, कॅप्सूल सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून बाटली फ्रीजमध्ये. दोन-तीन आठवडे काम भागतं. बाटली फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडू नका. आत दव धरतं आणि पराग मरतो. अर्धा तास थांबा.

संकर, फूल हातात धरून

ग्लॅडिओलसच्या दांड्यावर फुलं खालून वर उमलतात, रोज साधारण एक-दोन. संकरासाठी खालची पाच-सहा फुलं घ्यावीत. तिथली बोंडं भरदार होतात. बोंडं धरली की दांड्याचा वरचा शेंडा खुडून टाकावा, म्हणजे अन्न खाली जातं.

एक कळी नीट पाहा. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी फुगलेली असते, तिचा रंग पूर्ण दिसतो, पण टोक अजून मिटलेलं असतं. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास अशी कळी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून पाकळ्या हलकेच उघडा. आत मधोमध एक लांब दांडी, ती कुक्षीवृंत. तिच्या टोकाला तीन फाटे, अजून एकमेकांना चिकटलेले. तिच्याभोवती वरच्या पाकळीच्या बाजूने तीन पुंकेसर, प्रत्येकाच्या टोकाला लांबट परागकोष. कोष गुळगुळीत आणि बंद असेल तरच हे फूल कामाचं. त्यावर पिठासारखी भुकटी दिसली तर उशीर झाला. ते फूल सोडून द्या.

चिमट्याने तंतूला धरून तिन्ही परागकोष अलगद ओढून काढा. कोष दाबू नका, फुटेल. तीनच आहेत, तीन मोजून काढा. दोन काढून तिसरा विसरणं ही सगळ्यात सामान्य चूक आहे, आणि तिचा पत्ता तीन वर्षांनी लागतो. किंवा लागतही नाही.

आता पाकळ्यांचा पुढचा निम्मा भाग कात्रीने कापून टाका. मधमाशीला बसायला जागा राहत नाही आणि तिचं लक्षही जात नाही. सरबताच्या कागदी नळीचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा घ्या, एक टोक दुमडून पिन लावा आणि ती टोपी कुक्षीवर सरकवा. पूर्ण दांड्यावर बटर पेपरची पिशवी घालूनही चालतं, पण वारा आला की पिशवी कुक्षी मोडते.

ग्लॅडिओलसमध्ये पराग आधी मोकळा होतो आणि कुक्षी नंतर तयार होते. म्हणून कोष काढल्यावर लगेच पराग लावून उपयोग नाही. दुसऱ्या, बऱ्याचदा तिसऱ्या दिवशी टोपी काढून पाहिलं तर तीन फाटे एकमेकांपासून सुटलेले दिसतात, त्यांची टोकं रुंद पसरून मऊ, लवदार होतात. हीच वेळ. सकाळी दव उडाल्यावर, साधारण साडेआठ ते अकरा. नर पालकाचा नुकताच फुटलेला परागकोष चिमट्यात धरून तिन्ही फाट्यांवर हलकेच फिरवा. प्रत्येक फाट्यावर परागाचा थर डोळ्यांना दिसला पाहिजे. टोपी परत घाला. दुसऱ्या सकाळी पुन्हा एकदा पराग लावला तर बिया जास्त भरतात. दुसरा नर घेण्याआधी चिमटा स्पिरिटने पुसून कोरडा करा.

खूणचिठ्ठी त्याच क्षणी बांधा, नंतर नाही. प्लास्टिकची पट्टी आणि साधी पेन्सिल. मार्करची शाई महिनाभराच्या उन्हात उडते, पेन्सिलची रेघ राहते. आधी मादी, मग नर, मग तारीख: 'व्हाइट प्रॉस्पेरिटी × फुले गणेश, १८ डिसेंबर'. हीच नोंद वहीतही.

एका संकरासाठी चार दांडे, प्रत्येकी पाच फुलं, म्हणजे वीस फुलं धरा. त्यातली दहा-बारा बोंडं टिकली आणि प्रत्येकी चाळीस भरलेल्या बिया मिळाल्या तरी चारशे बिया होतात. एका कुटुंबाला, म्हणजे एका संकराच्या सगळ्या रोपांना, तेवढ्या पुरतात.

बोंड आणि बी

चार-पाच दिवसांत फुलामागचा हिरवा अंडाशय फुगू लागला तर संकर धरला. पिवळा पडून सुरकुतला तर गेला. बोंड पिकायला हवामानाप्रमाणे ३० ते ४५ दिवस लागतात. एवढे दिवस दांडा ओझ्यासह उभा राहायचा असतो, म्हणून त्याला बांबूच्या काठीचा आधार द्या. पाणी चालू ठेवा, पण फवारा बोंडांवर येऊ देऊ नका. बुरशी आधी बोंडाच्या टोकावरच्या वाळलेल्या पाकळ्यांवर धरते. त्या वाळल्या की खुडून टाका.

बोंड हिरव्याचं पिवळट-तपकिरी होतं आणि टोकाशी बारीक चीर पडते. त्याच दिवशी तोडा. दोन दिवस गाफील राहिलात तर बोंड तीन कप्प्यांत उकलतं आणि बिया वाऱ्यावर जातात, कारण प्रत्येक बीला पातळ कागदी पंख असतो. रोज चक्कर शक्य नसेल तर बोंडांवर जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची पुरचुंडी बांधून ठेवा.

बिया कागदावर आठवडाभर सावलीत वाळवा. मग एकेक बी उजेडासमोर धरा. पंखाच्या मधोमध गडद, टपोरा दाणा दिसला तर ते बी भरलेलं. नुसताच पारदर्शक पंख दिसला तर फोल. सुरुवातीला हे तपासणं कंटाळवाणं वाटतं, पण फोल बिया पेरून रिकामा क्रेट सांभाळण्यापेक्षा बरं.

बिया हातात येतात फेब्रुवारीत आणि पुढे उन्हाळा. तेव्हा पेरायची घाई करू नका. कागदी पाकिटात घालून, पाकीट हवाबंद डब्यात, डबा फ्रीजमध्ये, ऑक्टोबरपर्यंत.

पेरणी आणि पहिला हंगाम

भाजीचा प्लास्टिक क्रेट, आत शेडनेटचं अस्तर. दोन भाग कोकोपीट, एक भाग गाळलेलं गांडूळखत, एक भाग धुतलेली वाळू, किमान १५ सेंटिमीटर थर. खोली कमी ठेवली तर कंद लहान राहतात. ओळींत ५ सेंटिमीटर, बियांत ३, वर अर्धा सेंटिमीटर माती. ६० बाय ४० च्या क्रेटमध्ये सुमारे दीडशे बिया बसतात. एका क्रेटमध्ये एकच संकर. दोन कुटुंबं एकत्र पेरली की पुढे कुणाचं पोर कोणतं हे सांगता येत नाही.

दोन ते चार आठवड्यांत कांद्याच्या रोपासारखी एकेक पात वर येते. या काळात वरचा थर एकदाही कडक वाळता कामा नये, पण चिखलही नको. रोपं जमिनीलगत कोलमडून पडू लागली तर पाणी जास्त झालंय. दुसरी पात आल्यावर दर दहा-बारा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लिटरला एक ग्रॅम.

मार्चपासून ५० टक्के शेडनेटखाली न्या. पात जितके दिवस हिरवी तितका कंद मोठा. टोकं पिवळी पडू लागली की पाणी तोडा, पात निम्मी वाळली की माती चाळून कंद काढा. वाटाण्याएवढ्यापासून सुपारीएवढ्यापर्यंत सगळे आकार मिळतील. फक्त मऊ, डागाळलेले टाका. लहान आहे म्हणून इथे कुणालाही टाकू नका. पहिल्या वर्षीचा आकार पुष्कळदा उशिरा उगवण्याचा परिणाम असतो.

दोन-तीन आठवडे सावलीत वाळवून, कॅप्टनची प्रक्रिया करून, पुन्हा कोरडे करून जाळीच्या पिशव्यांत भरा आणि ४ ते ५ अंश सेल्सिअसला दोन-तीन महिने ठेवा. जवळच्या शीतगृहात जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर फ्रीजचा भाजीचा कप्पा. ग्लॅडिओलसच्या कंदाला झोप असते आणि ती थंडीने मोडते. थंडी न मिळालेले कंद ऑक्टोबरात लावले तर काही उगवतात, काही डिसेंबरपर्यंत मातीत पडून राहतात, आणि तुलना करणं अशक्य होतं. प्लास्टिकच्या बंद पिशवीत मात्र ठेवू नका, बुरशी लागते.

पहिली फुलं

दुसऱ्या ऑक्टोबरात कंद वाफ्यात लावले की त्या हिवाळ्यात काही रोपं फुलतात, बाकीची त्यापुढच्या हिवाळ्यात. प्रत्येक रोपाला फुलल्यावर क्रमांक द्या: संकराचं वर्ष, संकराचा क्रमांक, रोपाचा क्रमांक. '२५-०२-११३' असं. नाव देण्याची घाई नको. नाव दिलं की माणूस त्या रोपात गुंततो आणि ते टाकवत नाही.

पहिल्या फुलोऱ्यात लांबी आणि फुलांची संख्या बघून निर्णय घेऊ नका. कंद लहान असतो, आठ-नऊ फुलंच येतात. या वेळी टाकायचं ते असं: मळकट, दोन रंग एकमेकांत कालवल्यासारखा रंग, दुपारच्या उन्हात कडेने करपणाऱ्या पाकळ्या, नागमोडी दांडा, फुलं दांड्याच्या दोन्ही बाजूंना विस्कटलेली, पाकळ्या एकमेकींत अडकून न उमलणारी कळी. शेवटच्या बाबतीत आधी फुलकिडे नाहीत ना ते पाहा, कारण फुलकिड्यांनी खरवडलेली कळीही अशीच अडकते. पातीवर चंदेरी ओरखडे असतील तर दोष किडीचा.

सकाळी दहाला एकदा आणि दुपारी तीनला एकदा, दोनदा फिरा. सकाळी देखणं दिसणारं फूल दुपारी मान टाकत असेल तर ते कामाचं नाही. तीनशे रोपांतून या फेरीअखेर वीसपेक्षा जास्त रोपं ठेवू नयेत. हे कठोर वाटतं, पण प्रत्येक ठेवलेल्या रोपामागे पुढे दोन-तीन वर्षांचा वाफा, शीतगृह आणि वहीची पानं खर्ची पडतात.

खरी परीक्षा पाण्याच्या बादलीत

पूर्ण वाढीचे कंद मिळाले की, म्हणजे पुढच्या हंगामात, मोजमाप सुरू करा. प्रत्येक निवडीचे किमान पाच दांडे आणि शेजारी तुलनेसाठी एक बाजारातलं वाण, त्याच वाफ्यात, त्याच दिवशी लावलेलं. दांड्याची लांबी, फुलांची संख्या, खालच्या फुलाचा व्यास, लागवडीपासून फुलापर्यंतचे दिवस.

मग फुलदाणीतली चाचणी. खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की सकाळी तीन दांडे कापा. झाडावर चार पानं राहू द्या, नाहीतर कंद भरत नाही. कापलेले दांडे चार तास पाण्याविना, कागदात गुंडाळून, सावलीत आडवे ठेवा. माल गावातून गुलटेकडीच्या किंवा दादरच्या बाजारात जाताना जे सोसतो त्याचा हा अंदाज. आडवे ठेवल्यावर ज्यांचा शेंडा वर वळतो त्यांची नोंद करा. ग्लॅडिओलसचा दांडा वरच्या दिशेला वळतो, पण काही रोपांत हा बाक इतका पडतो की पेटीतून वाकडा माल निघतो. नंतर बुडाचे दोन सेंटिमीटर कापून साध्या पाण्यात, घरातल्या उजेडात ठेवा. रोज सकाळी तीन आकडे लिहा: एकाच वेळी किती फुलं उमललेली आहेत, किती कोमेजली, आणि शेंड्याच्या कळ्या उमलल्या का. एका वेळी पाच किंवा जास्त फुलं उघडी राहणारा आणि शेंड्यापर्यंत उमलत जाणारा दांडा मौल्यवान. वाफ्यात सगळ्यांची वाहवा मिळवलेली कितीतरी रोपं या बादलीत तिसऱ्या दिवशी बाद होतात.

दुसरा गाळणारा निकष म्हणजे वाढ. कंद काढताना मुख्य कंदाच्या बुडाशी लागलेल्या बारीक कंदिका मोजा. वीस-पंचवीस मिळत असतील तर वाण वाढवता येईल. तीन-चारच मिळत असतील तर कितीही सुंदर फूल असलं तरी बेणं महाग पडेल आणि शेतकरी ते घेणार नाही. कंदिकांचं टरफल कठीण असतं. लावण्याआधी एक दिवस पाण्यात भिजवल्या तर उगवण एकसारखी होते. कंदिकेपासून फुलणारा कंद व्हायला एक ते दोन हंगाम लागतात.

रोग, आणि रोगातून निवड

मर रोग फ्युजेरियम बुरशीमुळे होतो. पात एका बाजूने पिवळी पडते, आतून वाकते, कंद कापला तर गाभ्यात तपकिरी डाग दिसतो. निवडलेली रोपं औषधांच्या जोरावर जगवत राहिलात तर ती रोगाला बळी पडणारी आहेत हे कधीच कळणार नाही. म्हणून शेवटच्या आठ-दहा निवडींचे जादा कंद मागच्या वर्षी ग्लॅडिओलस असलेल्या, मर दिसलेल्या जागी प्रक्रिया न करता लावा. त्या वाफ्यातला एकही कंद परत चांगल्या साठ्यात आणायचा नाही आणि तिथलं खुरपं वेगळं ठेवायचं.

बियांपासून केलेल्या रोपांची एक जमेची बाजू म्हणजे पालकांमधले विषाणू सहसा बियांतून येत नाहीत. ही स्वच्छ सुरुवात वाया घालवू नका. पिवळा मोझॅक करणारा शेंगवर्गाचा विषाणू माव्यामार्फत घेवड्यावरून ग्लॅडिओलसवर येतो, तेव्हा शेजारी घेवडा नको. पाकळ्यांवर तुटक रेषा किंवा पातीवर फिकट ठिपके दिसणारं रोप कंदासकट काढून जाळा. दांडे कापताना प्रत्येक रोपानंतर पातं पुसा.

नोंदणी

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ या कायद्यानुसार नवीन वाणाची नोंदणी होते. वाण इतर ज्ञात वाणांपेक्षा किमान एका ठळक गुणात वेगळं, एकसारखं आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असावं लागतं. ग्लॅडिओलससारख्या पिकासाठी संरक्षण आधी सहा वर्षांचं, नंतर नूतनीकरणाने एकूण पंधरा वर्षांपर्यंत मिळतं.

पालक म्हणून कुणाचं नोंदणीकृत वाण वापरलं तर? याच कायद्याच्या कलम ३० नुसार संशोधनासाठी आणि नवीन वाण तयार करण्यासाठी ते वापरता येतं. मूळ पैदासकाराची परवानगी लागते ती तेच वाण व्यापारी उत्पादनासाठी पालक म्हणून वारंवार वापरावं लागत असेल तेव्हा. कंदांवर वाढणाऱ्या पिकात ती वेळ सहसा येत नाही.

नवेपणाची अट सगळ्यात जास्त लोकांना अडवते. अर्जाच्या तारखेआधी भारतात एक वर्षापेक्षा जास्त काळ ते वाण विकलेलं नसावं, आणि कायदा फक्त बेण्याबद्दल बोलत नाही, काढणी केलेल्या मालाबद्दलही बोलतो. म्हणजे फुलदांडे बाजारात पाठवले तरी घड्याळ सुरू होतं. चाचणीसाठी लावणं वेगळं, विकणं वेगळं. पहिल्या विक्रीची पावती आणि तारीख वहीत ठेवा आणि वर्ष संपायच्या आत अर्ज करा. संकराच्या खूणचिठ्ठ्यांपासूनच्या नोंदी, दरवर्षीची मोजमापं आणि एकाच उजेडात, मोजपट्टीसह काढलेले फोटो इथे कामी येतात.

आता नाव देता येईल. नुसते आकडे चालत नाहीत, म्हणजे '२५-०२-११३' हे नाव होऊ शकत नाही. गावाचं किंवा प्रदेशाचं नाव पूर्ण किंवा अंशतः असलेलं नाव नाकारलं जाऊ शकतं, आणि धार्मिक भावना दुखावणारं किंवा फसवं नावही. दोन-तीन पर्यायी नावं तयार ठेवा.

अर्ज करण्याच्या आधी कंदांचे दोन भाग करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या शीतगृहांत ठेवा. सहा-सात वर्षांचं काम एका बिघडलेल्या कॉम्प्रेसरवर अवलंबून ठेवायचं नाही.